शहर लिबरल, व्हिसा फेडरल

गेल्या महिन्यात सांगलीहून मैत्रिणीच्या भाचीचा फोन आला. नवऱ्याला कंपनी इकडे पाठवतेय, ऑस्टिन किंवा सिएटल, पंधरा दिवसांत कळवायचंय. बरोबर चार वर्षांची मुलगी. घरभाडं, शाळा, तांदूळ कुठला मिळतो, सगळं विचारून झालं आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, दोन्हींतलं जास्त लिबरल कुठलं?"

हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. पूर्वी मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी व्हायचे. २००१ साली मी ह्यूस्टनला उतरले, मग बरीच वर्षं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, काढली, आता सिएटलच्या पलीकडे बेलव्ह्यूला आहे. तीन गावं, तिन्हींचा रंग वेगळा. पण मी जिथे जिथे ठेचकाळले तिथे त्या रंगाचा उपयोग काही झाला नाही. एकदा तर त्यानेच घात केला. ते पुढे सांगते.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की रानडे-गोखले डोळ्यांसमोर येतात, अर्ज-विनंत्या करणारी मवाळ माणसं. इथला लिबरल तो नव्हे. इथे लिबरल म्हणजे ढोबळमानाने डेमोक्रॅट पक्षाला मत देणारा, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा, बंदुकांवर बंधनं हवीत म्हणणारा, श्रीमंतांवर कर वाढवा म्हणणारा. त्यातही पोटजाती आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत निवडणूक दोन डेमोक्रॅटांमध्ये होते आणि दोघंही एकमेकांना रिपब्लिकन ठरवतात.

शहरांची क्रमवारीच हवी असेल तर ती कोणीतरी लावून ठेवलेली आहे. २०१४ मध्ये टॉसानोविच आणि वॉर्शॉ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी अडीच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांतल्या लोकांची मतं अजमावून यादी केली. सगळ्यात लिबरल सॅन फ्रान्सिस्को, मागोमाग वॉशिंग्टन डीसी आणि सिएटल. दुसऱ्या टोकाला ॲरिझोनातलं मेसा, त्याच्या जवळ ओक्लाहोमा सिटी. मतपेटीतही तेच दिसतं: २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बायडन यांना ८५ टक्के मतं होती, डीसीत ९२. अगदी मेसाच्याही बाबतीत गंमत आहे. तिथले रिपब्लिकन महापौर जॉन जाइल्स २०२४ मध्ये डेमोक्रॅटांच्या अधिवेशनात जाऊन कमला हॅरिस यांच्यासाठी बोलून आले. आणि डॅलससारख्या डेमोक्रॅट गावाचे महापौर एरिक जॉन्सन २०२३ मध्ये रिपब्लिकन झाले. तेव्हा महापौराच्या पक्षावरून गाव ओळखायला जाऊ नका.

यादी खोटी नाही. पण ती शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते सांगते. तुम्हाला जगायचंय कायद्याखाली, आणि कायदा बहुतेक वेळा शहराचा नसतोच.

ऑस्टिनचंच घ्या. टेक्सासच्या पोटातलं हे लिबरल गाव, संगीतवाल्यांचं, विद्यापीठाचं. २०१३ मध्ये त्यांनी दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पाच वर्षांनी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने लारेडो गावाच्या खटल्यात असा अधिकार शहरांना नाही म्हणून सांगितलं आणि ऑस्टिनलाही आपली बंदी गुंडाळावी लागली. साधी पिशवी, तीही गावाच्या हातात नाही! २०२३ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला, बऱ्याच विषयांत शहरांनी राज्याच्या पुढे जाऊन नियम करायचेच नाहीत असा.

पिशवीचं जाऊ द्या. भाचीला मी सरळ विचारलं, "दुसऱ्याचा विचार आहे का?" लाजली. लाजण्याचं काम नाही. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, त्यामुळे हा विषय आपल्या डोक्यात येतच नाही. इथे जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क राज्यांवर सोडला. टेक्सासात आईच्या जिवावर बेतल्याशिवाय किंवा शरीराला गंभीर धोका असल्याशिवाय गर्भपात करता येत नाही. हवं असलेलं बाळ, पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत काहीतरी वाईट दिसलं, तर निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा राहत नाही, विमानाने दुसऱ्या राज्यात जावं लागतं. ऑस्टिनच्या गल्लीगल्लीत इंद्रधनुषी झेंडे असले तरी यात तसूभर फरक पडत नाही. आपल्या बायका याबद्दल एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत, म्हणून मी बोलते.

आता माझी ठेच. हे दोनदा वाचा.

तुमचा व्हिसा वॉशिंग्टन डीसीचा आहे, म्हणजे फेडरल, केंद्र सरकारचा. शहर आणि राज्य कितीही लिबरल असो, व्हिसा लिबरल नसतो. आणि गाव जितकं लिबरल, तितके खड्डे जास्त, कारण तिथले लोक प्रेमाने तुम्हाला खड्ड्यापर्यंत घेऊन जातात.

मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना गाडीचं लायसन्स करायला गेले होते. राज्य सांगत नाही, लिबरल होतं एवढं पुरे. रांगेत सव्वा तास, कडेवर रडणारं पोर. खिडकीतल्या बाईंनी तीन कागद पुढे सरकवले, फुल्या मारलेल्या जागी सह्या करा म्हणाल्या. केल्या. दोन महिन्यांनी टपालाने एक छोटंसं कार्ड आलं, मतदार म्हणून माझी नोंदणी झाल्याचं. मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं! नवऱ्याला म्हटलं, बघ, किती पुढारलेलं राज्य. ते कार्ड तिथे आठवडाभर होतं. मग जेवायला आलेल्या एका मल्याळी गृहस्थांनी पाहिलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

नागरिक नसताना नागरिक आहे असं सांगणं हा १९९६ च्या कायद्याने असा गुन्हा आहे की ग्रीन कार्डाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. चूक झाली, माहीत नव्हतं, पोर रडत होतं, कोणी ऐकत नाही. माझ्या नशिबाने अर्जावर नागरिकत्वाच्या प्रश्नापुढे खूण नव्हती, नुसती सही होती, आणि मी मत कधी दिलं नव्हतं. तरी नाव काढून टाकल्याचं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं पत्र, मूळ अर्जाची शिक्क्याची प्रत, वकील, असं करत जेवढे पैसे गेले तेवढ्यात तेव्हा जुनी गाडी आली असती. आणि ते तिथे संपलं नाही. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न असतोच: तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का? मला 'हो' लिहावं लागलं. मुलाखतीला तो लिफाफा छातीशी धरून बसले होते.

१९९३ च्या कायद्याने लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीची सोय झाली. त्यापुढे जाऊन २०१६ पासून ऑरेगनने आणि नंतर कॅलिफोर्नियासकट बऱ्याच राज्यांनी, तुम्ही नको म्हटलं नाही तर आपोआप नोंदणी, अशी पद्धत केली. नागरिकांसाठी उत्तम. तुमच्यासाठी सापळा. स्क्रीनवर बोट ठेवण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. किराणा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली गोड मुलगी 'नाव नोंदवता का' म्हणाली तर हसून पुढे व्हा. सॅन फ्रान्सिस्कोत तर नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं, २०१६ ला लोकांनीच तसा ठराव केला. गावापुरतं ते कायदेशीर आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

तसाच गांजा. सिएटलला, डेन्व्हरला, सॅन फ्रान्सिस्कोला दुकानं उघडी आहेत, मिठाईच्या दुकानासारखी, आत गोळ्या-चॉकलेटं मांडलेली. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो राज्यांनी २०१२ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये लोकांच्या मताने परवानगी दिली. फेडरल कायद्याने तो अजूनही गुन्हा आहे, आणि विमानतळावरचा अधिकारी फेडरल आहे. 'एकदा चाखला होता' एवढं कबूल केलं तरी परदेशी माणसाला प्रवेश नाकारता येतो. फोनमधले फोटोसुद्धा बघतात. ऑफिसच्या पार्टीत चॉकलेट फिरतं तेव्हा कशाचं आहे ते विचारा.

टेक्सासवाल्यांनी हसू नये, त्यांचा खड्डा वेगळा. सप्टेंबर २०२१ पासून तिथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, आणि सहकारी शनिवारी नेमबाजीला चल म्हणून आग्रह करतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने बंदूक हातात घेणंच फेडरल कायद्यात बसत नाही. म्हणजे सिएटलला गांजा आणि ह्यूस्टनला बंदूक. मुभा त्यांना, तुम्हाला नाही.

आणि निवडणुकीत 'आपला माणूस' उभा आहे म्हणून मंडळातले काका पन्नास डॉलर मागतात. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कुठल्याही उमेदवाराला एक पैसा देता येत नाही. समोसे खा, घरी या.

आता घराकडे येते, कारण लिबरल गावाचं खरं रूप घराच्या वेळी दिसतं.

बे एरियात आम्ही भाड्याने राहायचो त्या गल्लीत दर दुसऱ्या अंगणात पाटी: सर्वांचं स्वागत आहे, तीन भाषांत. एकदा गल्लीच्या टोकाला तीन मजली अपार्टमेंटचा बेत आला. मी सुनावणीला गेले, म्हटलं बघू तरी. नगरसभेत आमच्या गल्लीतले अकरा जण रांगेने माइकवर गेले. पाटीवाल्या आजी तिसऱ्या. त्या म्हणाल्या, त्या काही गरिबांच्या विरोधात नाहीत, पण पार्किंगचं काय, सावलीचं काय, आणि वस्तीचा स्वभाव बदलेल त्याचं काय. आपल्याकडे म्हणतात ना, शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात. या प्रांतात हे नवीन नाही. एका प्लॉटवर एकच कुटुंब, असा नियम बर्कलीने १९१६ मध्येच केला होता, त्या बर्कलीने! मिनियापोलिसने असला नियम काढून टाकायचं २०१८ मध्ये ठरवलं. आणि ह्यूस्टनला तर कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवणारा झोनिंगचा कायदाच नाही, जवळजवळ हवं ते हवं तिथे बांधतात. दिसायला बेढब, पण माझ्यासारख्या नवख्या जोडप्याला दोन खोल्या परवडल्या त्या तिथे. रस्त्यावर झोपणाऱ्यांची संख्याही २०११ नंतर ह्यूस्टनने निम्म्याहून खाली आणली. सॅन फ्रान्सिस्कोतली कणव मोठी आहे, पण तिच्यावर छप्पर नाही.

करांचंही तसंच उलटंपालटं. कॅलिफोर्नियात १९७८ पासून घराचा कर खरेदीच्या किमतीच्या साधारण एक टक्क्यावर बांधलेला आहे आणि मूल्यांकन वर्षाला फार तर दोन टक्के वाढतं. म्हणजे त्या पाटीवाल्या आजी एके काळच्या किमतीवर कर भरतात आणि शेजारी काल आलेलं देसी जोडपं त्याच्या कितीतरी पट. लिबरल राज्यात जुन्यांचं राज्य. टेक्सासात पगारावर राज्याचा कर नाही, पण घराचा कर असा की सबर्बमध्ये दोन टक्क्यांच्या वर सहज जातो, आणि तो दरवर्षी नव्या किमतीवर. इकडे आमच्या वॉशिंग्टनमध्येही तुमच्या-माझ्या पगारावर राज्याचा कर नाही. २०१० ला श्रीमंतांपुरता तरी लावा म्हणून बिल गेट्स यांच्या वडिलांनी पुढाकार घेतला, लोकांनी सपशेल पाडला. त्याची भरपाई दुकानात होते: सिएटल-बेलव्ह्यूला विक्रीकर दहा टक्क्यांच्या वर. मोलकरणीला आणि मॅनेजरला भांड्यावर सारखाच कर, असं हे लिबरल राज्य.

शाळांबद्दल एकच. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये समानतेच्या नावाखाली आठवीतला अल्जिब्रा काढून टाकला. पुढे २०२२ मध्ये पालकांनी, त्यात आशियाई पालक पुढे, शाळा मंडळाचे तीन सदस्य मतदानाने घरी पाठवले, आणि २०२४ ला अल्जिब्रा परत आणा असा कौल मोठ्या बहुमताने दिला. हे सगळे लोक डेमोक्रॅटच बरं का. गणिताचा प्रश्न आला की आपली माणसं कुठल्या पक्षाची राहतात ते मी बघितलंय.

लोक कसे वागतात, हे सगळ्यात जास्त विचारतात. ह्यूस्टनचे आमचे शेजारी पक्के रिपब्लिकन, रविवारी चर्च, ट्रकमध्ये बंदूक. पाच वर्षं त्यांनी मला दर ईस्टरला चर्चमध्ये बोलावलं, पाच वर्षं मी नाही म्हटलं. २००५ च्या सप्टेंबरमध्ये रीटा वादळ आलं, अख्खं गाव एकदम गाड्या काढून निघालं, हायवेवर तासात दोन मैल. त्यांच्या ट्रकच्या मागे आम्ही एकवीस तास. एसी बंद ठेवा, पेट्रोल वाचेल, हे त्यांनीच सांगितलं. वाटेत पेट्रोल संपलं तेव्हा त्यांच्या कॅनमधून आमच्या टाकीत ओतलं. आणि मग म्हणाले, या ईस्टरला तरी येणार का.

उलट बाजू: १९८७ मध्ये बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी भारतीय लोकांना मारहाण करत होती ती जर्सी सिटीत, मॅनहॅटनपासून नदीपल्याड, डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात. त्याच साली शेजारच्या होबोकनला नवरोज मोदी या पारशी माणसाला मारहाणीत जीव गमवावा लागला. आज त्याच जर्सी सिटीत न्यूअर्क ॲव्हेन्यूवर साड्यांची दुकानं आहेत. तेव्हाही गाव त्याच पक्षाचं होतं.

आणि आपल्याबद्दलही बोलू या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगरसभेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलंच शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्या महिन्यात इकडच्या मराठी घरांतून जी चिडचिड ऐकली ती मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. "इथे कुठे आहे जात?" तर ऐका. आमच्याकडे पॉटलक होतं. नांदेडहून आलेला नवा मुलगा, पहिल्यांदाच आलेला, आईने शिकवलेला मसालेभात करून आणलेला. एक काकू त्याच्याशी पाच मिनिटं छान बोलल्या. मग, "आडनाव काय म्हणालास?" त्याने सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि अळूवडीच्या ताटाकडे वळल्या. त्याच्या आधीच्या मुलाला त्यांनी देशस्थ की कोकणस्थ विचारून गाव, आजोळ सगळं काढलं होतं. कायदा बरोबर की चूक यावर हवं तेवढं भांडा, पण सिएटलमध्ये तुम्हाला आडनावावरून जोखणारा गोरा माणूस भेटणार नाही. भेटेल तो आपल्यातलाच. त्या दिवशी मसालेभात मी दोनदा घेतला. त्याहून जास्त काही मला तेव्हा सुचलं नाही, ते अजून टोचतं.

बाकीची गावं भराभर. न्यूयॉर्क लिबरल खरं, पण १९९४ ते २०१३ तिथे निवडून आलेले महापौर जिउलियानी आणि ब्लूमबर्ग, दोघंही रिपब्लिकन पक्षाकडून आले होते, आणि स्टेटन आयलंड आजही त्याच बाजूचं. शिकागोत रिपब्लिकन महापौर शेवटचा हरला १९३१ ला. बोस्टन भारी सुसंस्कृत, पण शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र बसवायची म्हणून १९७४ ला बस सुरू केल्या तेव्हा त्याच बोस्टनमध्ये दगड पडले होते. मायामीला ठाम डेमोक्रॅट समजू नका, तो काळ गेला. आणि सॅन फ्रान्सिस्कोत गाडीत बॅग ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा.

शेवटी पत्ता बघा. पाकिटावर 'ऑस्टिन' लिहिलेलं घर ऑस्टिनच्या हद्दीत असेलच असं नाही, काउंटी वेगळी, शाळा वेगळी, कर वेगळा. आपले लोक 'सिएटलला राहतो' म्हणतात तेव्हा बहुतेक बेलव्ह्यू, सॅमॅमिश नाहीतर बॉथेलला असतात. तिथला रंग समजायचा असेल तर स्थानिक शाळा मंडळाच्या बैठकीचा व्हिडिओ लावा, सगळ्यांचे जाळ्यावर असतात. ग्रंथालयातली पुस्तकं, कोणी कुठलं बाथरूम वापरायचं, झेंडे यावर किती वेळ जातो आणि शिकवण्यावर किती, ते मोजा.

भाचीने खरंच लावला, इकडच्या एका डिस्ट्रिक्टचा. दुसऱ्या दिवशी फोन. "मावशी, अडीच तास बघितलं. दोन तास शाळेची बस सात वीसला यावी की सात पस्तीसला यावरच भांडत होते."

मी म्हटलं, घे मग तिथेच घर.